ईईजीच्या खोलीतला तंबाखूचा वास

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आज आहे असंही म्हणवत नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच आमच्या निपाणीच्या घरातून देव्हारा, अंगारे, उतारे सगळं एकदम बाहेर गेलं. गल्लीत कुणाच्या अंगात यायला लागलं की आई मला हाताला धरून घरात आणायची आणि म्हणायची, "अभ्यासाला बस." अशा घरातली मी, आणि त्यात काम मेंदूच्या तपासणीचं. त्यामुळे हे इथे लिहिताना लाज वाटतेय. पण नुसती त्याचीच नाही... ते पुढे येईल.

मी बेळगावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ईईजी टेक्निशियन आहे. डोक्याला बारीक वायरी चिकटवायच्या आणि मेंदूतल्या लहरी स्क्रीनवर बघायच्या, हे माझं काम. सध्या आमच्या डॉक्टर मॅडमचा तान्ह्या बाळांच्या फिटवर रिसर्च चालू आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत ज्यांना फिट येतात, त्यांच्यातल्या कुणाला पुढे कायमचा फेफऱ्याचा आजार होतो, ते शोधायचं. अडचण अशी की तान्ह्या बाळाची फिट फिटसारखी दिसतच नाही. तोंडाला फेस येत नाही, अंग ताठ होत नाही. बाळ नुसतं ओठ चघळल्यासारखं करतं, सायकल मारल्यासारखा पाय हलवतं, कधी तर चक्क हसल्यासारखं दिसतं. आणि बाळ झोपेत हसलं की आपल्याकडे काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच — सटवाई हसवतेय. सगळे कौतुकानं बघतात आणि फिट येऊन निघून जाते.

आता माझ्या आईबद्दल. ती बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि दिवसभर बोटं चालू. भिजवलेली पानं आणि सुका तंबाखू यांचा मिळून एक वास असतो, जरासा गोड, जरासा घशात बसणारा. बिड्या वळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला तो झोपेतही ओळखता येतो. माझ्या दप्तराला, वह्यांना, केसांना तोच वास. शाळेत शेजारची मुलगी नाक धरून सरकून बसायची. त्याच बिड्यांवर मी शिकले, आणि शिकून पहिली गोष्ट काय केली असेल तर सेंटची बाटली घेतली. हॉस्पिटलात कुणी विचारलं, तर "आई घरीच असायची" एवढंच सांगायचे. खोटं नव्हतं ते, बिड्या ती घरीच वळायची. आई गेली, तरी माझं उत्तर तेच राहिलं.

ती गेल्यानंतरच्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ. जांबोटीच्या वाटेवरच्या एका गावातून सविता नावाची बाळंतीण आली होती. मुलगी जन्मल्यावर उशिरा रडली, म्हणून आमच्या अभ्यासात तिचं नाव होतं. बरोबर सविताची आई, त्यांना सगळे आक्का म्हणत. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, घरी पाहुणे आले होते, खाली भाड्याची गाडी उभी होती. आक्कांचा जीव त्या गाडीत अडकलेला.

रेकॉर्डिंग झालं. अगदी स्वच्छ, कुठे काही नाही. मी वायरी काढल्या, बाळाच्या केसातली पेस्ट कोमट पाण्यानं पुसली आणि म्हणाले, "मॅडमना दाखवते, मग तुम्ही निघा." बाळ कॉटवर झोपलेलं. सविता वाकून बघत होती.

"आई, हसतीया बघ."

"सटवाई खेळवतीया. बघत बसू नये गं, दृष्ट लागती," असं म्हणत आक्कांनी बाळाच्या तोंडावर दुपटं ओढलं.

मी तेव्हा वायरी धूत होते. खरं तर हे वाक्य ऐकल्यावर मी वळायला हवं होतं, हेच तर आम्ही रोज सगळ्यांना शिकवतो. पण रिपोर्ट नॉर्मल होता, आणि मशीननं सांगितल्यावर माणूस निवांत होतो.

तेवढ्यात तो वास आला.

हळूहळू वगैरे नाही, एकदम. आई शेजारी येऊन सूप घेऊन बसावी, तसा. माझे हात पाण्यातच थांबले. पहिला विचार काय आला असेल? आई आठवली, असं लिहायला मला आवडलं असतं. पण माझ्या मनात आलं, मेले, माझ्या अंगाला येतोय, आता यांना कळणार. तोवर आक्का नाक वर करून बोलल्याच, "तंबाखूचा वास येतोय न्हवं? बिडीचा तंबाखू..." आणि थेट माझ्याकडे बघायला लागल्या.

माझे कान तापले. मी त्यांच्याकडे पाठ केली, कॉटवर वाकले आणि ओढणी नाकाशी धरून हुंगली. ओढणीला नुसता सेंटचा वास. आणि वाकल्यामुळे दिसला तो बाळाचा पाय. दुपट्याच्या बाहेर आलेला, संथपणे सायकल मारत असलेला. मी तो हातात धरला. नुसती थरथर असती तर धरल्यावर थांबली असती, फिट थांबत नाही. माझ्या मुठीत तो तसाच हलत राहिला. दुपटं बाजूला केलं. बाळ हसत नव्हतं. ओठ चघळत होतं, डोळे एका कोपऱ्याला लागलेले.

माझी हाक ऐकून मॅडम धावत आल्या. "एनाय्तु?" त्यांचा पहिला प्रश्न कन्नडमध्येच आला, काय झालं म्हणून. पुन्हा वायरी लावल्या, आणि पुढचा झटका स्क्रीनवर स्पष्ट उमटला. रक्तातलं कॅल्शियम फार खाली गेलं होतं. त्या दिवशी बाळाला घेऊन ती गाडी निघाली असती, तर त्या पावसात वाटेतच एकामागून एक झटके आले असते आणि ते बारशाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानातही आले नसते, असं मॅडम म्हणाल्या. पुढे मेंदूचं काय झालं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

वास? तो कधी गेला कळलंच नाही. मी नंतर सगळं तपासलं. एसी बघितला, खिडकी बंदच होती, आक्कांच्या पिशवीत मिश्री नव्हती. मग स्वतःवर संशय घेतला. मेंदूच्या काही आजारांत नसलेले वास येतात, हे आमच्याच धंद्यातलं ज्ञान. एका मैत्रिणीकडून स्वतःचं ईईजी काढून घेतलं. नॉर्मल. आणि समजा, मला भास झाला. मग आक्कांना कसला झाला?

रेकॉर्डिंगच्या वेळी बाळाचं चित्रण करणारा खोलीतला कॅमेरा मी बंद करायला विसरले होते. ते रेकॉर्डिंग मॅडमनी रिसर्चच्या मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर लावलं. सगळे शिकाऊ डॉक्टर समोर. पडद्यावर मी वळतेय, वाकतेय, ओढणी नाकाशी नेतेय... मॅडम म्हणाल्या, "बघा, मशीन नॉर्मल सांगतंय आणि तरी हिची नजर बाळावर आहे. ह्याला म्हणतात ऑब्झर्वेशन." टाळ्या झाल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुला पहिल्यांदा काय दिसलं?"

मी म्हणाले, "पाय."

पडद्यावर माझ्या नाकाशी ओढणी तशीच थांबलेली होती. कॅमेऱ्यात वास येत नाही. त्या टाळ्या ऐकताना मला जमिनीनं पोटात घ्यावंसं वाटत होतं. बाळाकडे माझी नजर नव्हतीच. मी स्वतःच्या अंगाला आईचा वास येतोय का, ते बघत होते.

काही महिन्यांनी आक्का आणि सविता बाळाला फेरतपासणीला घेऊन आल्या. पोरगी गुटगुटीत झालेली, माझ्या आयकार्डची दोरी तोंडात घालायला बघत होती. औषध बंद, लहरी स्वच्छ. सविता रिपोर्ट आणायला गेली तशी आक्कांनी विषय काढला.

"बाई, त्या दिशी वास कुणाचा हुता वं?"

मी पोरीच्या तोंडातून दोरी सोडवत राहिले. त्याच पुढे म्हणाल्या, "न्हाय, माझं म्हायेर निपाणीचं. आई बिड्या वळायची माझी. लगीन होऊन त्या रानात गेल्यापास्नं कधी त्यो वास घेतला न्हवता. लई बरं वाटलं. म्हणून तर तुमास्नी इचारलं, तर तुमी तोंडच फिरवलासा."

इतके महिने मी ज्याला टोमणा समजत होते, ती त्यांची माहेरची आठवण होती. हॉस्पिटलात मी कायम पुस्तकी मराठी बोलते. त्या दिवशी तोंडातून घरचीच भाषा आली. "माझी आईबी बिड्याच वळायची, आक्का. आमीबी निपाणीचंच." त्या इमारतीत हे मी पहिल्यांदा बोलले. आणि मग, आजवर कुणालाच न सांगितलेलंही सांगितलं. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. पाळण्याशेजारी बसून ती बिड्या वळायची. ती सांगायची, पोरगं झोपेत लई हसायचं. ती कौतुकानं बघायची आणि परत सुपाकडं वळायची. बारशाच्या आधीच तो गेला.

आक्कांनी बाळाची पाठ चोळली. मग म्हणाल्या, "मग तीच आलती की गं पोरी."

एरवी कुणी असं म्हटलं असतं, तर मी पाच मिनिटं विज्ञान ऐकवलं असतं. तेव्हा पोरीला उचलून कडेवर घेतलं.

कामावर जाताना आता मी सेंट लावत नाही. एखादं बाळ झोपेत हसलं की आधी त्याचा पाय हातात धरते, आणि मग कुणाच्या लक्षात येणार नाही असा एक श्वास ओढून घेते. दूध आणि स्पिरिट, एवढाच वास; तंबाखूचा नाही. म्हणजे बाळ ठीक आहे, चांगलंच आहे. बाळाची आई हसत त्याला उचलून घेते, आणि मला मात्र आत कुठेतरी वाईट वाटतं... आता सगळ्यात जास्त लाज वाटते, ती याची.