मेहेंदळ्यांचा छोटासा प्रश्न

शनिवार पेठेतले शरच्चंद्र मेहेंदळे पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण गावात त्यांची ओळख निराळीच. व्याख्यान संपलं की प्रश्न विचारायला उठतात ते मेहेंदळे! विषय वेदान्त असो की वांग्यावरची कीड, हे चौथ्या रांगेतून उठणार, घसा खाकरणार आणि "माझा एक छोटासा प्रश्न आहे" म्हणून सुरू होणार. त्या छोट्याशा प्रश्नाला आधी प्रस्तावना, मग इतिहास, मग पोटप्रश्न अ, ब आणि क. पंचवीस वर्षं त्यांच्या पत्नी पद्मजाबाई शेजारी मान खाली घालून बसत आल्या. दुसरी एखादी असती तर जागा बदलून बसली असती.

अशा माणसाची २००६ च्या डिसेंबरात बायपास झाली. सगळं व्यवस्थित पार पडलं, पण श्वास म्हणून पुरेना. "पद्मजा, चहात..." एवढं म्हणून थांबायचे. साखर कमी आहे हे सांगायला दुसरा श्वास लागायचा. खोटं कशाला बोला, पहिले चार दिवस पद्मजाबाईंना घर कसं शांत शांत, बरं वाटलं. पाचव्या दिवशी मात्र त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

इस्पितळातून येताना एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. शेजारी शेजारी तीन नळकांडी, प्रत्येकात एक चेंडू, आणि तोंडात धरायला नळी. तासातासाला दहा वेळा करा, चेंडू वर गेले पाहिजेत, असं बजावलं होतं. मेहेंदळ्यांनी शिस्तीत घड्याळ लावून फुंकायला सुरुवात केली. चेंडू ढिम्म! आठ दिवस फुंकून गाल दुखायला लागले, टाके ओढायला लागले, तेव्हा त्यांनी निदान केलं की यंत्र सदोष आहे. कंपनीला पाठवायच्या तक्रारीचा तीन पानी मसुदाही तयार झाला.

तेवढ्यात वारज्याहून सलोनी आली. ही व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट, वय चोवीस, स्कूटीवरून धडाधड येणारी. मेहेंदळ्यांचा एक प्रयोग बघितला आणि तिनं कपाळावर हात मारला.

"काका, फुंकताय काय? आत ओढायचंय! इन! स्ट्रॉनं उसाचा रस पितो ना, तसं. हॉस्पिटलमध्ये दाखवलं नव्हतं का?"

"दाखवलं होतं की, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी," पद्मजाबाई म्हणाल्या. "तेव्हा हे दाखवणाऱ्या मुलीला खडकवासला धरणाच्या भिंतीची उंची सांगत होते."

मेहेंदळ्यांनी तक्रारीचा मसुदा घडी करून खणात ठेवला. फाडून टाकायला जीव होईना, इतका चांगला उतरला होता.

त्याच आठवड्यात व्याख्यानमालेची पत्रिका आली. एप्रिलच्या अखेरीस हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे संचालक बोलणार होते. विषय, '२०२० सालचं पुणे'. पत्रिका वाचून मेहेंदळ्यांच्या डोळ्यांत चमक आली. उभा जन्म पाण्याच्या फायली हाताळण्यात गेलेला, आणि हा विषय! यावर आपण विचारायचं नाही तर कोणी? डॉक्टर म्हणाले, "तिन्ही चेंडू वर गेले तर खुशाल जा. नाहीतर घरी बसून पत्र लिहा." पत्र! त्यापेक्षा ऑपरेशनला नाही म्हटलं असतं, असं मेहेंदळ्यांना वाटून गेलं.

मग जुंपली. खोकला आला की छातीशी उशी कवटाळायची, आणि पुन्हा नळी तोंडात. आपल्या हिशेबासाठी मेहेंदळ्यांनी चेंडूंचे शब्द करून टाकले. एक चेंडू म्हणजे एका दमात पाच शब्द. दोन चेंडू, अकरा. प्रश्नाच्या कागदावर श्वास घ्यायच्या जागी लाल पेन्सिलीच्या खुणा झाल्या. सलोनी दुपारी दोनला आली तर म्हणाले, "आमची ही वामकुक्षीची वेळ." ती म्हणाली, "काका, फुप्फुसं एक ते चार बंद नसतात." मेहेंदळे उठून बसले आणि त्यांनी नळी तोंडात धरली.

एप्रिलच्या मध्यावर तिसरा चेंडू टुणकन वर गेला आणि एक, दोन, तीन म्हणेपर्यंत वरच राहिला. सलोनीनं टाळी वाजवली. "काका, एकदम सॉलिड!"

व्याख्यानाच्या संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. संचालकांनी पडद्यावर उड्डाणपूल दाखवले, काचेच्या इमारती दाखवल्या. अध्यक्षांनी प्रश्न मागवले आणि तीन मिनिटांना घंटा होईल अशी सूचना दिली. मेहेंदळे उठले. "माझा एक छोटासा..." घाईघाईनं म्हणाले आणि दम लागला.

एरवी चुळबुळ करणारं सभागृह एकदम काळजीत पडलं. कोणी पाण्याची बाटली पुढे केली, कोणी म्हणालं, "सावकाश, काका, बसून बोला." प्रस्तावना झाली, इतिहास निम्मा झाला, मिनिटं पाच झाली, सहा झाली. अध्यक्षांचा हात घंटेवर, पण घंटा वाजेना. मान तिरकी करून ते नुसते मायेनं हसत होते. मेहेंदळ्यांना एकदम भरून आलं, आणि लगेच संतापही आला. आपल्याला आता कोणी अडवतसुद्धा नाही! आपण संपलो म्हणायचे!

"अध्यक्षमहाराज," ते म्हणाले, "घंटा का वाजवत नाही?"

"असू द्या हो, मेहेंदळे. तुमची प्रकृती..."

"प्रकृतीचं मी बघतो. आपण घंटेचं बघा."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्ष ओशाळले आणि त्यांनी घंटा वाजवली, चांगली जोरात. मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, प्रश्न विचारा, प्रश्न!"

मेहेंदळ्यांनी सावकाश श्वास आत ओढला. एक, दोन, तीन. पद्मजाबाईंनी मान वर केली.

"विचारतो," मेहेंदळे खणखणीत आवाजात म्हणाले, "पण त्याआधी पोटप्रश्न अ."