सुरेखा कुठे गेली?

मैत्रिणींनो, आज दुपारी प्रकाशा गावात तापीच्या घाटावर जे पाहिलं, ते आठवून अजून अंगावर काटा येतोय.

मी शाळेतून निवृत्त झाले, तरी चेहरे विसरत नाही. पायऱ्यांवर सुरेखा दिसली. माझा प्रश्न संपायच्या आत हात वर करणारी मुलगी! मी तीनदा हाक मारली. ती तापीकडे बघत तशीच बसून राहिली.

शेजारी बसलेली तिची सासू हसली. "मॅडम, हाई मन्ही सून वैष्णवी शे. सुरेखा ते लगीनमाच गयी!"

"गेली म्हणजे? नदीत सोडून आलात की काय?" मी भडकले. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायचं आणि अख्खी मुलगी पुसून टाकायची, याला म्हणे शुभकार्य!

मग मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "सुरेखा, उत्तर दे."

तिचा चेहरा हलला नाही. पण उजवा हात सावकाश वर गेला. तो दुसऱ्याच कुणाचा असावा, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली. सासूने तो धरून खाली घेतला.

तुमच्या घरातल्या सुनेला, वहिनीला, आईला आज माहेरच्या नावाने हाक मारून बघा. ती वळते का, तेवढं मला सांगा.