बॉनेटवरचा हात

अठ्ठावन्न सालच्या डिसेंबरात फौजेच्या आमच्या बारा लॉऱ्या नागपूरहून हैदराबादकडे निघाल्या. पहिला मुक्काम केळापूरजवळ, सडकेला लागून. चार नंबरची थ्री-टन लॉरी माझ्याकडे होती. मी तेव्हा नाईक, गाव नेर तालुक्यातलं. माझा को-ड्रायव्हर सिपाही भीमा राठोड. त्याचा तांडा मुक्कामापासून दोन कोसांवर. पुढे जे घडलं ते मी एकदा कोर्ट ऑफ इन्क्वायरीसमोर सांगितलं. ते खोटं होतं. खरं आता लिहितो.

आमच्याकडे रोज पहाटे गाडी तपासायची पद्धत होती. तिला फर्स्ट परेड म्हणत. आधी गिअर न्यूट्रल. लिव्हर डावीउजवी हलवून खात्री करायची. मग चावी. मग दिवे. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं समोर उभं राहून कोणता लागला, कोणता नाही ते ओरडून सांगायचं.

भीमानं त्यात आपली एक रीत घातली होती. गाडीपुढे जाताना तो बॉनेटवर तळव्यानं दोन थापा मारायचा. पुढून बाजूला झाला की दारावर एक. पहिल्या आठवड्यात मी त्याला हसलो होतो.

"बैल आहे काय रे हा?"

"उस्ताद, आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून फिरे. बैलापुढून जाचं असन तं आंधी त्याच्या कपाळावर हात. आपण पुढं हावो हे त्याले समजलं पाह्यजे."

"अन् इंजिनाले काय समजते?"

"इंजिनाले नाही. आतमंदी बसलेल्याले."

त्या दिवसापासून दोन थापा आल्या की मी आतून "ठीक" म्हणायचो, आणि दारावरची एक थाप येईपर्यंत कशाला हात लावायचो नाही. तीन वर्षं हे चाललं.

केळापूरला मिळालेली जागा उताराची होती, खाली नाला. गाड्यांची तोंडं उताराकडे. अशा वेळी हुकूम ठरलेला असतो : हँडब्रेक, रिव्हर्स गिअर, पुढच्या दोन्ही चाकांपुढे दगड. भीमानं दगड लावले, लाथ मारून पाहिले.

सहाच्या सुमारास त्याचे आईवडील आले, सोबत तांड्यातली दहा-पंधरा माणसं. जेवण बांधून आणलं होतं. वडील थावरा राठोड यांनी लॉरीला एक फेरी मारली.

"किती वझं वाहते हे?"

"तीन टन, बा."

"टन मले काय समजते? बैल सांग."

भीमानं मनात हिशेब केला. "तीस बैल."

"तीस बैल, अन् एकाले बी कडबा नाही!" म्हातारा म्हणाला. सगळे हसले.

त्याच्या आईला दिवे पाहायचे होते. मी आत बसलो आणि हेडलाइट लावले. इंजिन बंदच. उजेड समोरच्या बायांच्या आरसे लावलेल्या कपड्यांवर पडला आणि सगळा उतार चमकायला लागला. आई तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

भीमा जवळ येऊन हळूच म्हणाला, "उस्ताद, बंद करा. बॅटरी उतरन."

"तुह्या मायले पाहू दे ना. काही होत नाही."

त्याच उजेडात आम्ही जेवलो. हेडलाइट पाऊण तास चालू होते. इंजिन बंद असलं की डायनॅमो फिरत नाही आणि बॅटरी नुसती खाली होते, हे मी रंगरूटांना शिकवत असे. पण इतकी माणसं माझ्या गाडीकडे अशी बघत होती, ते मला आवडलं. दुसरं कारण नाही.

पहाटे चार पन्नासला मी गाडीत बसलो. सव्वापाचला निघायचं होतं. रिव्हर्समधून न्यूट्रल केलं, चावी फिरवली. डॅशवरचा लाल दिवा मलूल लागला. स्टार्टर दाबला. एकदा कण्हल्यासारखा आवाज आला, दुसऱ्यांदा नुसतं टक् झालं.

आजूबाजूच्या लॉऱ्या एकेक चालू होत होत्या. हवालदार टॉर्च घेऊन रांगेतून येत होता. पंजाबचा माणूस, शिस्तीचा कडक. कॉन्व्हॉयमध्ये बॅटरी उतरवली म्हणजे साहेबापुढे पेशी. आणि माझं नाव हवालदारीसाठी वर गेलेलं होतं.

उतारावर अशी गाडी चालू करता येते. इग्निशन ऑन, क्लच दाबून सेकंड गिअर, हँडब्रेक सोडायचा. गाडी घरंगळली की क्लच सोडायचा, इंजिन धरतं. पण त्याआधी दिवे लावायचे, हॉर्न द्यायचा आणि समोर कुणी नाही हे डोळ्यांनी बघायचं. मी दिवे लावले नाहीत. लावले असते तर पिवळे पडले असते आणि हवालदाराला लांबूनच कळलं असतं. हॉर्नही त्याच कारणानं दिला नाही.

"भीमा, दगड काढ."

"काढतो, उस्ताद."

उजवा दगड निघाल्याचा आवाज आला. मग डावा. दगड गाडीच्या वाटेत ठेवायचा नाही, हाही हुकूम होता. तो डावा दगड उचलून माझ्या बाजूच्या नालीत टाकायला पुढून येत होता. बॉनेटवर दोन थापा पडल्या.

"ठीक," मी म्हणालो.

तेवढ्यात मागून हवालदार ओरडला. "चार नंबर! क्या हुआ? सो गया क्या?"

"आया, साब!"

आणि मी हँडब्रेक सोडला.

दारावरची थाप आली नव्हती. मला ते माहीत होतं.

इंजिन पहिल्याच झटक्याला चालू झालं. दहा फुटांवर मी गाडी थांबवली. पाच पस्तीसला मेडिकलच्या माणसानं घोंगडी त्याच्या तोंडावर ओढली. दगड त्याच्या हाताजवळच होता.

तिसऱ्या दिवशी तंबूत चौकशी झाली.

"दगड कोणाच्या हुकमानं काढले?"

"हुकूम नव्हता, सर. त्यानं आपणच काढले. हँडब्रेकनं गाडी धरली नाही."

"समोर असल्याचा इशारा त्यानं दिला होता?"

"नाही, सर."

कागदावर लिहिलं गेलं : इशारा न देता गाडीपुढे गेला; स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. त्याची नक्कल त्याच्या घरी गेली. मला पुढच्या वर्षी हवालदारी मिळाली.

सहासष्टला मी पेन्शनीत आलो. आता यवतमाळला एका जिनिंगच्या ट्रकवर आहे. चावीला हात लावण्याआधी अजूनही थांबतो. सोबतच्या क्लीनरला ते विचित्र वाटतं.

मागच्या महिन्यात कापूस पोचवायला पांढरकवड्याला गेलो होतो. परतताना ट्रक सडकेवर उभा केला आणि तांड्यात चालत गेलो. थावराबा बाजेवर बसले होते. डोळ्यांनी दिसत नाही आता. मी भीमाचा उस्ताद, आता पेन्शनीतला हवालदार, असं सांगितल्यावर त्यांनी मला ओळखलं. भीमाची आई चार वर्षांपूर्वी गेली, असं ते म्हणाले.

"एक गोष्ट इचारू काय, हवालदार? मास्तरानं तो कागद वाचून दाखोला तवापासून इचारून राह्यलो सोताले. आमच्यात हात ठेवल्याबिगर जनावरापुढून कोनी जात नाही. माह्या पोरानं काहून नाही ठेवला? तांड्यात आता लेकरांले म्हणतेत, हात ठेव, नाही तं भीमासारखं होईन. त्याची माय हेच ऐकत गेली."

मी बाजेजवळ जमिनीवर बसलो.

"ठेवला होता, बा. दोन थापा. म्या ऐकल्या. म्या 'ठीक' बी म्हटलं, अन् ब्रेक सोडला."

मग सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळचे दिवे, उतरलेली बॅटरी, काळोखात सोडलेली गाडी, चौकशीतलं माझं उत्तर. ते मान खाली घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी बाजेच्या लाकडावर तळव्यानं दोनदा मारलं.

"अशा?"

"अशाच."

ते काठी धरून उठले. तांड्याच्या मधोमध जाऊन त्यांनी हाका मारल्या. माणसं घरांतून बाहेर आली, बाया आल्या.

"आता पुन्हा सांग," ते म्हणाले. "जोरानं सांग."

मी उभा राहून सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. कुणी पाणीही दिलं नाही. थावराबा माझ्याकडे पाठ करून आपल्या माणसांना म्हणाले, "ऐकलं ना? आजपासून लेकरांले ते बोलायचं नाही." मग मी निघालो.

रेकॉर्ड ऑफिसला मी पत्र लिहिलं आहे. कागद बदलतील की नाही, माहीत नाही. पेन्शन बंद करायची असेल तर करावी, हेही त्यात लिहिलं आहे.

सिपाही भीमा राठोड, चार नंबर लॉरी. वय चोवीस. दगड माझ्या हुकमानं काढले. गाडीपुढे जाताना त्यानं बॉनेटवर हात ठेवला होता.