मूर्तीमागची भिंत

गिलावा करावा तर मिस्त्रींनीच, असं जुन्या शहरात सगळे म्हणायचे. तिथल्या पुरातन बुद्धमंदिराच्या भिंतींवरचा डागडुजीचा गिलावाही त्यांच्याच हातचा. एकदा आईबरोबर डबा द्यायला आलेल्या त्यांच्या चार वर्षांच्या लेकीनं मूर्तीमागच्या ओल्या गिलाव्यावर पंजा उमटवला होता. "अगं ए भवाने, केलंस ना कामाचं वाटोळं!" असं खेकसून मिस्त्रींनी तिथल्या तिथे थापी फिरवली होती.

गेल्या महिन्यात ती लेक तापाचं निमित्त होऊन गेली, ऐन तिशीत. आज मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदाच काम नसताना मंदिरात आले. बुद्धापुढे क्षणभरही न थांबता ते तडक मूर्तीमागे गेले आणि दोन्ही तळव्यांनी भिंत चाचपू लागले. एखादा खळगा, एखाद्या बोटाची पुसटशी रेघ तरी राहिली असेल!

"मिस्त्री, काय हरवलं?" ओळखीच्या रखवालदारानं विचारलं.

"चूक शोधतोय. माझ्या कामातली."

"तुमच्या कामात?" रखवालदार हसला. "जन्मभर शोधलीत तरी सापडायची नाही."

"तेच तर झालंय रे," म्हणत मिस्त्रींनी त्या गुळगुळीत भिंतीला गाल लावला.