गाईमुखाच्या घळीतला गारवा

चन्नव्वाला चिंचोळीच्या डोंगरातली मुळी न् मुळी ठाऊक होती. कुणाला काय उगाळून द्यायचं, हे विचारायला लांबलांबची माणसं तिच्याकडं येत. पण गाईमुखाच्या घळीकडं ती पाच वर्षांत फिरकली नव्हती. मी तेव्हा त्या गावात मास्तर होतो. १९५४ च्या चैत्रात गुरुशांतप्पा नावाचे प्राध्यापक हैदराबादहून झाडं बघायला आले आणि माझ्याकडं उतरले. बाराही महिने पाणी झिरपणारी जागा त्यांना हवी होती. तशी गाईमुखाची घळच. वाट दाखवशील का, म्हणून मी चन्नव्वाला विचारलं.

"दुसरं कुटंबी चला. तितं न्हाई," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आपण होऊन आली. "मास्तर, तुमी संगट असाल तर येते."

वर जांभा दगड नुसता तापला होता. घळीत उतरलो आणि पाठीवरचा घाम गार पडला. झऱ्याकाठी तीन नेचे उभे होते, पुरुषभर उंचीचे, पिसासारख्या पानांचे, काळ्या केसाळ खोडाचे. गुरुशांतप्पा बघतच राहिले.

"अक्का, ह्याचे भाऊबंद सह्याद्रीत. मधल्या शंभर कोसांत एक न्हाई."

"मग हितं कसा आला?"

"आला न्हाई, मागं राहिला. माणसं नव्हती तेव्हाची गोष्ट. हवा ओली होती, इथपासून सह्याद्रीपर्यंत एकच रान होतं. मग हवा कोरडी पडत गेली. सपाटीवरचं रान मेलं. डोंगराच्या गारव्यात जे होतं, तेवढं वाचलं. लाखो वर्षं एकेका डोंगरात अडकलं, एकमेकांशी गाठ न्हाई, म्हणून एकेक जात निराळी होत गेली." त्यांनी पान उलटून मागचे ठिपके दाखवले. "हे बघा, सह्याद्रीत असे नसतात. ह्या गारव्यानंच ह्याला जगवलं."

"ह्याच गारव्यानं माज्या नणंदंला मारलं," चन्नव्वा म्हणाली.

मग तीच सांगू लागली. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं गाव डोंगरात पळालं. ती आणि तिची नणंद गंगव्वा या घळीत लपल्या. गंगव्वा तापानं फणफणली होती. जाळ करावा तर धूर वर दिसणार. चन्नव्वानं अंगावरचं लुगडं सुद्धा तिच्यावर घातलं. तीन दिवस गंगव्वा एकच म्हणत होती, "वैनी, थंडी वाजायलीय." चौथ्या दिवशी गेली. चन्नव्वानं हातांनी माती उकरून तिला तिथंच पुरलं.

"अजून म्हनायलीय," चन्नव्वा म्हणाली. "घळीच्या तोंडाशी आलं की ऐकू येतं."

प्राध्यापकांनी मधल्या नेच्याच्या बुडाशी खुरपं लावलं होतं. तिनं त्यांचं मनगट धरलं. "तितंच हाय ती." त्यांनी खुरपं पिशवीत टाकलं, एक पान घेतलं आणि परत फिरले.

दोन वर्षांनी लाकडाच्या एका ठेकेदारानं घळीच्या काठावरची झाडं तोडली. ऊन थेट झऱ्यापर्यंत पोचलं. कडेचे दोन्ही नेचे वाळून गेले. मग चन्नव्वा रोज डोंगर चढू लागली. तिनं बांबू रोवले, वर पळसाचे डहाळे टाकले, मधल्या नेच्यावर मांडव घातला. रोज घागरीनं खोड भिजवायची. मी एकदा मदतीला गेलो. हातात डहाळा घेऊन ती थांबली होती.

"ऊन पडल्यापासनं ती गप झालीय, मास्तर," ती म्हणाली. "पयल्यांदाच."

"मग हे कामून करायलीस?"

तिनं नेच्याकडं बघितलं. "ह्याच्याबिगर तितं तिचं कोन हाय?" म्हणाली आणि डहाळा वर ठेवला.

मृगानंतर नेच्याला नवी गुंडाळलेली पानं फुटली. मी प्राध्यापकांना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही. त्या वर्षी आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, माझी बदली झाली. निघताना चन्नव्वाला भेटायला गेलो. तिचे डोळे खोल गेले होते. नीज नव्हती.

"गंगव्वा परत बोलायलीय?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली, आणि विळा घेऊन पळसाकडं निघाली.