अंग सावरताना

डॉक्टर मॅडमनी मला तपासणीच्या टेबलावर झोपवलं आणि म्हणाल्या, "आता जोरात खोका."

मी खोकले नाही. गेले तीन महिने मी खोकला, शिंक आणि हसू, तिन्ही गिळत होते.

"खोका हो. इथे काही झालं तरी चालतं. मला तेच बघायचंय."

खोकले. व्हायचं ते झालं. मॅडमनी शांतपणे हातमोजे काढले, मला कपडे सावरायला वेळ दिला आणि समोर बसवून कागदावर चित्र काढलं.

"याला सिस्टोसील म्हणतात. लघवीची पिशवी जागेवरून खाली उतरलीय आणि योनिमार्गाची पुढची भिंत ढकलतेय. खोकताना लघवी निसटते, ते स्ट्रेस इनकॉन्टिनन्स. ओटीपोटातले सगळे अवयव खालून झोळीसारखे धरून ठेवणारे स्नायू असतात, पेल्विक फ्लोअर. बाळंतपणात तुमची ती झोळी ताणली गेलीय."

"म्हणजे कॅन्सर नाही?"

"नाही."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा "नाही" म्हटलं.

मी एसटीत कंडक्टर आहे. भंडारा, तुमसर, नाकाडोंगरी असा माझा रूट. नवरा प्रशांत वरठीच्या स्टीलच्या कारखान्यात आहे, शिफ्टप्रमाणे मोटरसायकलने जातो-येतो. माझी आई नाही. म्हणून माझं बाळंतपण करायला सासूबाई नाकाडोंगरीजवळच्या गावाहून भंडाऱ्याला आल्या. मी त्यांना आईच म्हणते.

कळा फार वेळ चालल्या. शेवटी चिमटा लावून लेक बाहेर काढली. चांगली पावणेचार किलोची. घरी सोडताना तिच्या लसींचं कार्ड मिळालं, कुठली लस कधी, सगळं लिहिलेलं. मला टाके कसे धुवायचे आणि गोळ्या कधी घ्यायच्या, एवढंच सांगितलं. माझ्या शरीराचं पुढे काय काय होऊ शकतं, याचं कार्ड नव्हतं.

केस गळतात, कंबर दुखते, पोट सुटतं, हे मला ठाऊक होतं. त्याबद्दल बायका बोलतात. पण दोन महिन्यांनी कपडे धुवायला उकिडवी बसले तेव्हा आत लिंबू अडकल्यासारखं वाटलं. उठले तरी ते जाईना. आरसा घेऊन पाहिलं, तर गुलाबी फुगा. आरसा पालथा घातला आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. मोबाइलवर शोधलं. त्यात जे फोटो दिसले, ते दिसले नसते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मला एका जागी बसवेना. बसलं की गोळ्यावर बसल्यासारखं, उभं राहिलं की ओझं खाली ओढल्यासारखं. लेकीला पाजतानाही मी दर दोन मिनिटांनी कूस बदलायची.

"काहून वो, अशी उठबस काहून करून राहिली?" आई विचारायच्या.

"पाठ दुखते," मी म्हणायची.

प्रशांतपासून मी वेगळी झोपू लागले. लेक रात्री उठते, असं कारण दिलं.

रजा संपली तेव्हा लेक साडेचार महिन्यांची होती. चालत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडणाऱ्या बाईला रस्त्यातला प्रत्येक गतिरोधक पाठ असतो. मला तर तो पोटात कळायचा. एकदा तुमसरच्या अलीकडे बस आदळली आणि सलवार भिजली. ओढणी कमरेला गुंडाळून मी उरलेली फेरी दाराजवळ उभी राहून काढली.

उपाय मीच शोधला. सकाळपासून पाणी बंद. ड्युटी संपेपर्यंत घोटसुद्धा नाही. तरी दोनदा बस थांबवायला लागायचीच. आमचे ड्रायव्हरभाऊ पन्नाशीचे, भला माणूस. एक दिवस हळूच म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. शुगर तपासून घ्या ना एकदा. माह्या भावाले असंच होत होतं."

मी हसले नाही. हसणं परवडण्यासारखं नव्हतं.

पाणी तोडल्याचं फळ दोन आठवड्यांत मिळालं. दूध कमी झालं, लेक छातीशी चिडचिड करू लागली. मग लघवीला जळजळ, आणि एका दुपारी थंडी वाजून ताप. लघवीची तपासणी केली, कल्चर केलं. कल्चर म्हणजे लघवीत कुठला जंतू वाढतो आणि त्यावर कुठलं औषध चालेल ते पाहणं. त्याचा रिपोर्ट यायला तीन दिवस लागले. सोनोग्राफीत किडन्या ठीक निघाल्या. यूटीआय, म्हणजे मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाला होता. पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या मिळाल्या.

गोळ्या लिहिता लिहिता मॅडमनी विचारलं, "लघवी फार गडद आहे तुमची. पाणी का पीत नव्हता?"

हा एकच प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ताप उतरल्यावर आठवड्याने तपासायला बोलावलं.

तो आठवडा फार वाईट गेला. तपासणीच्या दिवशी दवाखान्यात नंबर येईपर्यंत मी जिन्याने खालीवर करत राहिले. बसायच्या खोलीत भिंतभर गोंडस बाळांचे फोटो होते. एकाही फोटोत आई नव्हती.

आणि मग ते खोकणं.

चित्र काढून झाल्यावर मॅडमनी विचारलं, "बाळंतपणानंतर पोट घट्ट बांधलं होतं का?"

"दीड महिना. सासूबाईंनी. श्वास घेता येत नव्हता इतकं."

"फार घट्ट बांधलं की दाब खाली जातो. त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. मोठं बाळ, लांबलेल्या कळा, चिमटा, खरा ताण तिथे पडला. पण बांधण्याने फायदाही झाला नाही."

मी फक्त पहिलं वाक्य घरी घेऊन गेले.

आई लेकीला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या. मी चप्पलही काढली नाही. "तुम्ही पोट आवळलं म्हणून माझं हे झालं. लघवीची पिशवी खाली आली माझी."

लेकीला त्यांनी दुपट्यात गुंडाळलं, माझ्याकडे दिलं आणि दाराची कडी लावली.

"अंग बाहेर आलं का तुयं?"

मी मान हलवली.

"मले झालं ते तुले होऊ नये म्हणून बांधलं होतं वो मी."

मला आधी कळलंच नाही. मग त्या खाली बसल्या आणि सांगू लागल्या. प्रशांतच्या वेळी बाळंतपणाला सव्वा महिना व्हायच्या आत त्या रोवण्याला गेल्या, धानाच्या चिखलात वाकून. तिथेच अंग बाहेर आलं. सासूला सांगितलं, तर ती म्हणाली, बाईच्या जातीले असतेच. तेव्हापासून रोज सकाळी त्या ते हाताने आत ढकलतात आणि वरून कापड कसून बांधतात. दुपारपर्यंत पुन्हा बाहेर.

"पाय पोटाशी घेऊन दीड महिना निजून राहिली असती, पोट बांधलं असतं, तं झालं नसतं, असं मले वाटे. म्हणून तुले उठू नाही देलं, म्हणून आवळलं."

प्रशांत बत्तीस वर्षांचा आहे.

माझा राग कुठे ठेवू, मला कळेना. मी लेकीला घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत राहिले, आणि आई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

प्रशांत शिफ्टवरून आल्यावर मॅडमचं चित्र त्याच्यासमोर ठेवलं. "मले वाटलं, तू माह्यावर नाराज आहेस," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या बादल्या आणि सिलिंडर त्याच्याकडे गेले.

मला ऑपरेशन लागणार नव्हतं, निदान आता तरी. जड उचलायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, पाणी प्यायचं, आणि त्या झोळीचे व्यायाम करायचे. त्यांना कीगल म्हणतात. फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवले तेव्हा कळलं की आधी मोबाइलवर बघून मी उलटंच करत होते, खाली जोर देत होते. लघवी अडवताना जसं आवळतो तसं आत आणि वर ओढायचं, श्वास न कोंडता. मनात सावकाश पाच मोजायचं, सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मात्र लघवी करताना अडवून सराव करायचा नाही. मॅडमनी दिलेल्या सर्टिफिकेटवर काही महिने मला डेपोत बसून करायचं काम मिळालं.

सहा आठवडे काही फरक पडला नाही. फिजिओताईंच्या समोर रडले. त्या म्हणाल्या, "दंडाला ताकद यायला वेळ लागतो ना? मग हा स्नायू दिसत नाही म्हणून त्याला घाई का?"

तिसऱ्या महिन्यात एकदा भाजीला फोडणी देताना ठसका लागला. खोकून झाल्यावर लक्षात आलं, कोरडी आहे. गॅस बंद केला आणि मुद्दाम पुन्हा खोकले. लेक घाबरून रडायला लागली.

पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. दमले की ते ओझं अजून जाणवतं. पण रूटवर परत गेले आहे, पाण्याची बाटली घेऊन.

आईंना दवाखान्यात न्यायला मात्र दोन महिने लागले. "आता या वयात काय दाखवू," हेच चालू होतं. शेवटी लेकीला माझ्याकडे देऊन स्वतःच म्हणाल्या, "चल. जाऊन पाहू."

मॅडमनी विचारलं, "किती वर्षांपासून?" आई म्हणाल्या, "लेकाचं वय तेवढं." "बत्तीस," मी म्हटलं.

त्यांना पेसरी बसवली. पेसरी म्हणजे सिलिकॉनची रिंग, ती आत राहून अंगाला खालून आधार देते. दर काही महिन्यांनी तपासून, धुऊन घ्यावी लागते. मॅडमनी चालून दाखवायला सांगितलं. आई व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, आणि कुणी न सांगता पुन्हा गेल्या.

"हलकं वाटते वो," मला म्हणाल्या. मग डोळ्यांना पदर लावला.

हे वाचणाऱ्या बायांनो, तुमचंही असं काही उतरलं असेल तर ते बाईच्या जातीला असतंच असं नाही. त्याला नाव आहे, उपचार आहे, व्यायाम आहे. ज्यांनी लपवलं त्यांच्यावर रागावूही नका. त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

मागच्या महिन्यात नाकाडोंगरीहून निघालेल्या माझ्या बसमध्ये चार दिवस गावी गेलेल्या आई चढल्या. मागून गावातल्या तिघी. भंडाऱ्याचं तिकीट.

"कुठे?" मी विचारलं.

"गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात," पहिली म्हणाली. दुसरीचेही गुडघे. तिसरीचेही.

मी आईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

"आई, पुढच्या खेपेला तरी दुखण्याचं खरं नाव घेऊन या म्हणावं यांना," तिकिटं देताना मी हळूच म्हटलं.

"आधी दवाखान्यापर्यंत तं येऊ दे," आई म्हणाल्या. "नावाचं मंग पाहू."