आत्याच्या मुळीचा व्हिडिओ

अन्याय माझ्या आत्यावर झाला. मागच्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. कुठे झाला, ते लिहिणार नाही. मोर्च्यांची पत्रकं लिहीत मी मोठी झाले आणि आमच्या पत्रकाचा पहिलाच नियम आहे: कोणावर, कधी, कुठे. त्यातला 'कुठे' या वेळी मुद्दाम गाळतेय. तो आधी लिहिला, म्हणूनच हे घडलं.

मी महादेव कोळी. विश्रांतवाडीच्या एका वसतिगृहात आदिवासी मुलींना संध्याकाळी कॉम्प्युटर शिकवते. त्या पावसाळ्यात एका संस्थेनं आम्हा शिक्षकांसाठी नारायण पेठेत दोन दिवसांचं शिबिर घेतलं. विषय होता डिजिटल नागरिकत्व. शिकवणारे सर पन्नाशीचे, भाषा अगदी धुतलेली. पासवर्ड कसा ठेवावा, अनोळखी लिंक का उघडू नये, हे त्यांनी छान समजावलं. दुसऱ्याचा चेहरा असेल तर परवानगीही दुसऱ्याचीच लागते, हेही सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या प्रोफाइलवर घरचा फोटो होता आणि त्यात मुलीच्या तोंडावर पिवळी स्मायली चिकटवलेली होती. मुलीचा चेहरा जगाला कशाला दाखवायचा, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. वहीत उतरवून घेतलं.

मग गृहपाठ दिला: आपल्या समाजाच्या ज्ञानाचा छोटा व्हिडिओ करून शिबिराच्या ग्रुपवर टाका.

माझी आत्या पाड्यातल्या बाळंतिणींना एक मुळी देते. ती कुठे उगवते, हे तिला तिच्या बापानं दाखवलं, आणि एकटीलाच. मी शनिवारी गावी गेले, फोन पुढे धरला. व्हिडिओ कोण बघणार, हे तिनं सरळ विचारलं. मी म्हटलं, वसतिगृहातल्या आपल्या पोरी. शिबिरातल्या शिक्षकांचं बोलले नाही. ते सांगण्यासारखं आहे, असं मला वाटलंच नाही. आदिवासी म्हणून गेली सहा वर्षं मी दुसऱ्यांना विचारतेय, आम्हाला न विचारता आमचं का घेता. आणि घरच्या बाईला मी अर्धंच विचारलं.

तिनं एक गड्डा उकरला, हवी तेवढी मुळी काढली आणि बोटाएवढा तुकडा परत खड्ड्यात ठेवून माती लोटली. तुकडा ठेवल्याशिवाय ती उठतच नाही.

पुढची चूक तर खास आमची. आमच्या पाड्याचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. सरकारी कागदात आम्ही शेजारच्या गावाच्या पोटात. नाव लागावं म्हणून आम्ही मोर्चे काढले, उपोषणाला बसलो. त्यामुळे पाड्याचं नाव लिहायची संधी मी सोडत नाही, ती खोडच लागलीय. व्हिडिओवरच खाली पाड्याचं नाव लिहिलं, ओढ्याचं लिहिलं, मुळी ओढ्याच्या कुठल्या अंगाच्या कडेला उगवते तेही लिहिलं. अभिमानानं. रविवारी ग्रुपवर टाकला.

सोमवारी अकरा चाळीसला तो संस्थेच्या चॅनलवर होता. कोपऱ्यात संस्थेचं बोधचिन्ह, खाली मी लिहिलेला पत्ता जसाच्या तसा, वर मथळा: 'आदिवासी आजीचं गुपित'. आत्या अठ्ठेचाळीस वर्षांची आहे.

पुढच्या रविवारी शहरातून एक गाडी आली. माणसांनी पाड्याचं नाव घेऊन वाट विचारली. आमचं नाव कुणी घेतलं याचंच आमच्या लोकांना कौतुक, त्यांनी चहा पाजून वाट दाखवली. दुपारपर्यंत कड उकरून गोणी भरून गाडी परत गेली.

आत्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, शिव्या देईल. तसं काही झालं नाही.

"एक तुकडा ठेवला न्हाई गं त्यांनी," ती म्हणाली. मग, "तू म्हनली व्हतीस, पोरींनाच दावीन."

भाद्रपदात पाड्यात बाळंतपण होतं. त्या घरची बाई दारात आली, तेव्हा आत्याकडे द्यायला काही नव्हतं. बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण बापानं एकटीला सांगितलेली जागा हिनं गावभर केली, एवढं पाणवठ्यावर बोलून झालंच.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशीच मी नारायण पेठेत त्या सरांच्या कार्यालयात गेले. त्यांनी आधी चहा मागवला.

"अहो मॅडम, आपणच ग्रुपवर टाकलंत. आम्ही परवानगीच समजलो."

"मी टाकला. चेहरा माझा आहे का?"

"श्रेय दिलंय की. आदिवासी आजी असं स्पष्ट लिहिलंय."

शिबिरात वाटलेली त्यांचीच पुस्तिका मी पिशवीतून काढली आणि चेहऱ्याचं वाक्य मोठ्यानं वाचायला सांगितलं. तुमच्या मुलीच्या तोंडावर स्मायली आणि माझ्या आत्याच्या तोंडावर तुमचं बोधचिन्ह, हे कुठल्या पानावर आहे, तेही विचारलं. त्यांनी पुस्तिका मिटून बाजूला सारली. चहा निवला. मी उठेना, तेव्हा त्यांनी चॅनलवरून व्हिडिओ काढून टाकला आणि म्हणाले, एवढं मनाला लावून घेऊ नये. म्हटलं, मनाला नाही, ओढ्याच्या कडेला लागलंय.

मी समजले, संपलं. मागच्या आठवड्यात कसबा पेठेत पत्रकांच्या झेरॉक्स काढत होते. दुकानदार काका ओळखीचे. "अहो, हे बघा, तुमच्या लोकांचं," म्हणत त्यांनी कौतुकानं फोन पुढे केला. आत्याच होती. बोधचिन्ह कुणीतरी कापलेलं, बासरी घातलेली, पाड्याचं नाव मात्र शाबूत. त्यांना नातेवाइकांच्या ग्रुपवरून आला होता आणि त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकलला होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी निमूट काढून टाकला, मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "पण माझ्या एकट्याच्या काढण्यानं काय होणार?"

काका एकटे नाहीत, तुम्हीही आहात. मातीत राहून गेलेल्या तंतूंना ओढ्याच्या कडेला या वर्षी चार कोंब आलेत. आत्या रोज बघून येते. परत गाडी आली तर तेही जातील.

तेव्हा फोन हातात घ्या. हिरव्या लुगड्यातली बाई, हातात कुदळ, मागे बासरी. हा व्हिडिओ सापडला तर काढून टाका. ज्यांना पुढे पाठवला असेल त्या प्रत्येकाला काढायला लावा. ज्यानं तुम्हाला पाठवला त्याला फोन करून विचारा, त्या बाईला विचारलं होतंस का. उद्या नाही, आत्ता.